यीस्ट किती वेळा वापरायचं ते नंतर, त्याच्यासोबत काय येतंय ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. विचारणारा पोरगा मूळचा आपल्या कोल्हापूरचाच, सध्या इंग्लंडात लीड्सला नोकरीला, तिथं घरी २०-२० लिटरची बिअर लावतो. ११.५ ग्रॅमच्या कोरड्या अमेरिकन एल यीस्टच्या (एल म्हणजे जरा उबदार तापमानाला आंबणारी बिअर) एका पाकिटावर त्यानं तीन बॅच काढल्या. पहिली साधी पेल एल (फिकी एल), १.०४८ ग्रॅव्हिटीची, झकास झाली. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तितका आकडा मोठा, आंबेल तसा तो उतरतो. दुसरी तिच्याच तळातल्या सगळ्या गाळावर (तळाला बसलेल्या यीस्टवर) ओतलेली आयपीए, म्हणजे कडक, कडू एल, १.०६५ ची, भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), तीही चांगली. मग त्या आयपीएचा गाळ नळाच्या पाण्यानं तीनदा धुतला, ब्लीचनं धुतलेल्या जॅमच्या बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं, तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवला आणि त्यातले दोन मोठे चमचे तिसऱ्या बॅचमध्ये टाकले. ही १.०४४ ची हलकी बिअर, दोन दिवस हललीच नाही, नंतर रडतखडत १.०२० वर येऊन बसली आणि वास दवाखान्यातल्या पट्टीचा. त्याचा प्रश्न असा की यीस्ट नक्की किती वेळा वापरता येतं, कोण पाच म्हणतं कोण दहा, आणि आईचं विरजण तर माझ्या जन्माआधीपासून चालू आहे मग माझंच का बिघडलं.

भावा, विरजणाचं उदाहरण तूच दिलंस ते बरं केलंस, त्याच्यावर येतोच. त्याआधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणशील हा कोण शहाणा. शिवाजी विद्यापीठातनं मायक्रोबायोलॉजी केलं, पहिली चार वर्षं एका दूध संघाच्या लॅबमध्ये काढली, नंतर सतरा वर्षं वेगवेगळ्या ब्रुअरीत, त्यातली बहुतेक यीस्ट सांभाळण्यात. आता राजारामपुरीत घरी असतो आणि पुण्याकडच्या दोन-तीन मायक्रोब्रुअरीवाल्यांना लागेल तसा सल्ला देतो. आणि एक गोष्ट इथल्या पोरांसाठी आत्ताच सांगून टाकतो, हे उत्तर लीड्सवाल्यासाठी आहे. तिकडं स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून लायसन लागत नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर लावणं हा सरळ गुन्हा आहे, तेव्हा मला मेसेज करून "सर माल्ट कुठं मिळेल" विचारू नका.

आता मुद्द्याचं. तू विचारतोयस किती वेळा. खरा प्रश्न तो नाहीच. तुझ्या तिसऱ्या बॅचमधलं यीस्ट फक्त दोनदा वापरलेलं होतं, म्हणजे आकड्याच्या हिशेबानं अगदी तरणंताठं, तरी मेलं. उलट तुझ्या लीड्सच्या शेजारीच टॅडकास्टरला सॅम्युअल स्मिथची ब्रुअरी आहे, १७५८ ची, अजून पाटीच्या दगडाच्या चौकोनी टाक्यांत एल आंबवतात आणि यीस्ट पिढ्यानपिढ्या तेच चालवत आलेत. तिथं कोण मोजत बसलंय? ते टिकतं कारण ताजा फेस वरनं काढून लगेच पुढच्या टाकीत जातो, वाट बघत बसत नाही, आणि त्या फेसासोबत गाळ, मेलेल्या पेशी, हॉप्सचा चोथा जवळजवळ येतच नाही. म्हणजे यीस्ट कुठनं काढलं, किती दिवस ठेवलं, कशात ठेवलं आणि त्याच्यासोबत काय काय आलं, या चार गोष्टी बघायच्या. पिढ्यांचा, म्हणजे यीस्ट कितव्यांदा वापरतोय त्याचा, आकडा त्यानंतर.

आईचं विरजण का टिकतं ते बघ. एक तर ते रोज लागतं, काल रात्रीचं आज रात्री वापरलं, तीन आठवडे बरणीत कोण ठेवतंय. दुसरं, दही स्वतःच आंबट, त्या आंबटपणात परकं फारसं वाढत नाही. तिसरं, दूध रोज उकळलेलं. आणि चौथी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आई विरजण कधी काढते? दही लागलं की पहिल्यांदा, स्वच्छ चमच्यानं, वाढायच्या आधी. जेवण झाल्यावर ताटातल्या वाटीत उरलेलं दही विरजणाला लावलं तर आजी मारायला उठेल, उष्टं म्हणून. तू मात्र नेमकं तेच केलंस. आयपीएचं जेवण उरकल्यावर ताटात राहिलेलं खरकटं गोळा केलंस आणि त्याला विरजण म्हणालास. आणि हे पण लक्षात घे की एखाद्या दिवशी दह्याला तार सुटली की तीच आई काही बोलत नाही, गपचूप शेजारणीकडनं नवीन विरजण आणते. तुझ्या बाबतीत शेजारीण म्हणजे नवीन पाकीट.

आता संख्येचा हिशेब करू, कारण तुझे दोन चमचे मला झोपू देत नाहीत. एल यीस्टसाठी आम्ही धरतो ते असं, दर मिलीलिटर वर्टमागं (वर्ट म्हणजे माल्टचा, मोड आणून वाळवलेल्या जवाचा, न आंबलेला गोड रस), दर एका प्लेटो अंशामागं (प्लेटो हे त्यातली साखर मोजायचं माप) साडेसात लाख जिवंत पेशी, लागरला (थंडीत आंबणाऱ्या बिअरला) याच्या दुप्पट. प्लेटो काढायला ग्रॅव्हिटीच्या शेवटच्या दोन आकड्यांना चारनं भाग, तुझी १.०४४ म्हणजे ११ प्लेटो. २० लिटर म्हणजे २०,००० मिली, गुणिले ११, गुणिले साडेसात लाख, झाले १६५ अब्ज. आता तुझ्या बरणीतला गाळ. घट्ट, स्वच्छ स्लरीत (यीस्टच्या दाट लगद्यात) मिलीमागं दोन अब्जापर्यंतही पेशी असतात, पण बादलीतल्या गाळमिश्रित मालाला मी एकच अब्ज धरतो. तीन आठवडे झालेले, कडक बिअरमधनं निघालेलं, वर पाण्यात ठेवलेलं, म्हणून त्यातले निम्मे जिवंत धर, तेही मी सढळ हातानं देतोय. दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिली. झाले १५ अब्ज. पाहिजे होते १६५, तू दिलेस १५. अकरा माणसांचं काम एकाला सांगितलंस, मग तो दोन दिवस अंथरुणातनं उठला नाही तर नवल काय. तुला तिथं निदान ३३० मिली लागले असते. आणि दुसऱ्या बॅचला उलट चूक केलीस, सगळ्याच्या सगळ्या गाळावर ओतलीस. एका बॅचमध्ये यीस्ट साधारण तीन ते पाचपट वाढतं, म्हणजे तळाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतं. बिअर कडक होती म्हणून खपून गेलं, पण एरवी असं केलं की यीस्टला वाढायलाच लागत नाही, चव सपाट येते आणि नव्या पेशींपेक्षा म्हाताऱ्याच जास्त पुढं जातात.

हे जिवंत किती मेलेले किती घरी कसं कळणार, हे विचारशीलच. मला यात गंमत वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो. दूध संघात असताना दिवसभर एकच काम, दुधाच्या नळीत मिथिलीन ब्ल्यू टाकायचं, ३७ अंशाच्या पाण्यात नळ्या उभ्या करायच्या आणि निळा रंग किती वेळात जातो ते बघत बसायचं. चांगलं दूध पाच तासांच्या पुढं निळं राहतं, घाण दूध अर्ध्या तासात पांढरं होतं, कारण आतले जिवाणू तो रंग खातात म्हण ना, त्याला बेरंग करतात. मग ब्रुअरीत आलो, पहिल्या दिवशी साहेबांनी हातात बाटली दिली, तोच मिथिलीन ब्ल्यू! पण इथं हिशेब उलटा. स्लरी पातळ करून एक थेंब त्या रंगाचा, काचेवर घेऊन चारशेपट मायक्रोस्कोपखाली बघायचं. जिवंत पेशी रंग आत घेतात आणि बेरंग करतात म्हणून पांढऱ्या दिसतात, मेलेल्या पेशी तशाच निळ्या पडून राहतात. दुधात निळं दिसलं की खूश व्हायचं आणि यीस्टमध्ये निळं दिसलं की कपाळाला हात, ही सवय बदलायला मला महिना लागला. शंभर पेशी मोज, निळ्या दहाच्या आत असतील तर बिनधास्त वापर. त्याच्यापेक्षा जास्त निळ्या असतील तर या पद्धतीच्या आकड्यावर फार भरवसा ठेवायचा नाही, ती आहे त्यापेक्षा चांगलं चित्र दाखवते. साधा विद्यार्थ्यांचा मायक्रोस्कोप पुरतो, पण तू महिन्यात एक बॅच लावणार असशील तर एवढा खटाटोप कशाला, नाकानं आणि तारखेनं काम भागतं.

नाकाचं म्हणालो तर, तुझ्याकडं ते मार्माइट मिळतं ना, ब्रेडला लावायचं काळं, ते मुळात ब्रुअरीतल्या वापरलेल्या यीस्टपासनंच करतात. बरणी उघडल्यावर तसला वास आला, मांसाच्या सुपासारखा, सोया सॉससारखा, तर समजायचं आतल्या पेशी फुटून विरघळायला लागल्यात. टाकून दे. ताज्या स्लरीचा वास ब्रेडचा, थोडा फळांचा, थोडा बिअरचा. घरी दोन आठवड्यांच्या आत वापरलेलं उत्तम, महिन्यापर्यंत चालतं पण स्टार्टर करून, म्हणजे आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून, त्याच्यापुढं मी तरी हात लावत नाही.

आता ते पाण्यानं धुणं. हे जुन्या पुस्तकांतनं आलंय आणि मी स्वतः सुरुवातीची कैक वर्षं हेच करत होतो, उकळून थंड केलेल्या पाण्यात गाळ हलवायचा, जड गाळ खाली बसू द्यायचा, वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या भांड्यात. दिसायला लई छान दिसतं, पांढरंशुभ्र. पण विचार कर, यीस्ट ज्या बिअरमध्ये बसलंय ती आंबट आहे, पीएच चार-सव्वाचारच्या आसपास, तिच्यात अल्कोहोल आहे, हॉप्सचा कडूपणा आहे. या तिन्ही गोष्टी परक्या जिवाणूंना नकोशा. तू ते सगळं संरक्षण ओतून देतोस आणि साध्या पाण्यात ठेवतोस, तेही तीनदा धुऊन, दर वेळी झाकण उघडून, हवेतलं काहीतरी आत घेऊन. म्हणून आता मी सांगतो, धूच नको. यीस्ट आहे त्याच बिअरखाली ठेव. आणि मोठ्या ब्रुअरीत ॲसिड वॉश म्हणतात ते हे नव्हे, तिथं थंड स्लरी फॉस्फोरिक ॲसिडनं पीएच दोन-सव्वादोनपर्यंत नेतात, वेळ मोजून, जिवाणू मारायला. त्यात जंगली यीस्ट मरत नाही ते नाहीच, ते घरी करू नको.

जंगली यीस्ट म्हणजे काही रानातनं येत नाही बरं. आपल्याकडं एप्रिलात रंकाळ्यावरनं उसाचा रस बाटलीत भरून घरी आण आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर विसर, झाकण उघडताना फस्स करून वर येतो, तो त्याचाच उद्योग. उसावर असतं, फळांच्या सालीवर असतं, धुळीत असतं. गुऱ्हाळावर रस लगेच काहिलीत का घालतात याचं एक कारण हेच. पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवर पुस्तक लिहिलं तेव्हा बिअर बिघडते ती जिवाणूंमुळं असं सांगितलं होतं, ते बरोबरच होतं पण अर्धंच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी दाखवलं की यीस्टमध्येच चांगलं आणि वाईट अशा जाती मिसळलेल्या असतात आणि वाईट जात पिढीगणिक वाढत जाऊन बिअर खराब करते. मग एका पेशीपासनं शुद्ध यीस्ट वाढवायची पद्धत त्यांनी बसवली, १८८३ मध्ये ती तिथं कामाला लागली. तुझ्या पाकिटातलं यीस्ट हे त्याच विचाराचं पोर आहे. पाकीट फोडलं त्या क्षणी ते शुद्ध, त्यानंतर प्रत्येक वेळी तू त्यात थोडी भर घालतोस. किती भर घालतोस ते तुझ्या हातावर.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पुण्याकडच्या एका मायक्रोब्रुअरीला यीस्ट साठवायचं स्टीलचं भांडं पाहिजे होतं, बाहेरचं महाग पडत होतं, मी म्हटलं आपलं कोल्हापूर कशाला आहे, उद्यमनगरात करून घेऊ. करून घेतलं, दिसायला आरशासारखं, मीच जाऊन पास केलं. पहिल्या तीन पिढ्या मस्त. चौथीला बिअरला लोण्याचा वास यायला लागला, आणि गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात कुणाला ते वाईटच वाटलं नाही, गिऱ्हाईक म्हणालं काय स्मूद आहे. पाचवीला लोणी जाऊन आंबट. टाक्या तपासल्या, पाइप उघडले, सॅनिटायझर बदललं, काही सापडेना. शेवटी भांड्यात मनगटापर्यंत हात घालून खालच्या आउटलेटच्या जोडावरनं बोट फिरवलं तर नखाला काहीतरी लागलं. वेल्डिंग आतनं घासलंच नव्हतं, टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक आणि त्याच्या कडेला खरखरीत रेघ. तिथं प्रत्येक वेळी थोडा गाळ राहायचा, वरनं कितीही सॅनिटायझर फिरवा. बाहेरनं चकाचक बघून सही केली होती ती माझी, त्यामुळं कुणाला बोलणार. चार टाक्या गटारात गेल्या. तेव्हापासनं मी डोळ्यापेक्षा नखावर जास्त विश्वास ठेवतो. तुझी प्लास्टिकची बादली आतनं ओरखडलेली असेल, नळाची तोटी कधी खोलून धुतली नसशील, तर यीस्ट परत वापरायच्या भानगडीत पडण्याआधी ते बघ. एकदाच वापरायचं असेल तर थोडी घाण खपते, यीस्ट पुढं नेलं की ती घाणही पुढं जाते आणि वाढत जाते.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात, ती हवा. कोरडं यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेलं असतं, पेशीच्या पातळ पडद्याला (मेम्ब्रेनला) लागणारा स्निग्ध माल आत साठवूनच ते पाकिटात येतं, म्हणून पहिल्या बॅचला वर्टमध्ये हवा नाही घातली तरी ते कुरकुरत नाही. पण एकदा आंबवून झाल्यावर तो साठा संपतो. दुसऱ्या बॅचपासनं थंड झालेल्या वर्टमध्ये हवा घालावीच लागते, बादली दणकून हलव पाच मिनिटं, नाहीतर भांड्यातनं भांड्यात उंचावरनं ओत, चहावाला ओततो तसं. गरम वर्टमध्ये नको, २० अंशाच्या आसपास आल्यावर. तू पाकिटाच्या सूचना वाचून हवा घातली नसशील तर १.०२० वर अडकायचं अर्धं कारण तिथंच आहे.

आणि क्रम. नेहमी हलक्याकडनं जडाकडं, फिक्याकडनं गडदाकडं, कमी हॉप्सकडनं जास्त हॉप्सकडं. १.०६५ च्या आयपीएतनं निघालेलं यीस्ट दमलेलं असतं, पेशींवर हॉप्सचा चिकटा असतो, ते परत १.०४४ च्या नाजूक बिअरला लावणं म्हणजे उसाची मोळी टाकून आलेल्या माणसाला रांगोळी काढायला बसवणं. आयपीए शेवटची ठेव, तिचा गाळ कुंडीत घाल, नाहीतर फेकून दे. १.०६० च्या वरच्या कुठल्याही बिअरचं यीस्ट मी पुढं नेत नाही, ड्राय हॉप केलेल्याचं (न उकळता वरनं हॉप्स घातलेल्याचं) तर नाहीच.

आता आकडा पाहिजेच असेल तर, पण हे परिस्थितीवर आहे हे आधी मान्य करतो. टाकी तळाला निमुळती, लॅब हाताशी, आठवड्याला दोन बॅच, अशा ठिकाणी मी आठ-दहा पिढ्या सहज नेल्यात. बादली, घरचा फ्रीज, महिन्याला एक बॅच, तिथं तीन, फार तर चार, मूळ पाकीट धरून. जातीवर पण असतं. गव्हाच्या बिअरचं जर्मन यीस्ट, केळ्याचा वास येतो ते, तळातनं घेत गेलास तर दोन-तीन फेऱ्यांत चाल बदलतं, ते वरच्या फेसातनं घ्यावं. पटकन खाली बसणाऱ्या इंग्लिश जातींत तळाचा पहिला थर घेत राहिलास तर आणखी आळशी, लवकर झोपणारी पोरंच निवडली जातात आणि बिअर गोड राहायला लागते. तुझं ते अमेरिकन एलचं साधं यीस्ट यातलं सगळ्यात गुणी.

तुझ्या किचनमध्ये मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. पहिली हलकी पेल एल ज्या दिवशी बाटलीत भरायची त्याच दिवशी दुसरी बॅच उकळायची, तारीख आधीच जुळवून. बिअर काढून घेताना तळाला अर्धा लिटर बिअर ठेवायची, बादली गोल फिरवून गाळ सैल करायचा, बादलीची कड सॅनिटायझरनं पुसायची आणि स्वच्छ, धुवायला न लागणाऱ्या ॲसिड सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत ओतायचं. ब्लीच नको. अर्धा-पाऊण तास उभी ठेव, थर दिसतात, खाली तपकिरी खरखरीत, मधे बासुंदीच्या रंगाचा जाडसर, वर बिअर. त्यातला मधला थर पाहिजे, साधारण दीडशे ते दोनशे मिली, तो थेट त्या दिवशीच्या वर्टमध्ये. उरलेलं फ्रीजमध्ये, झाकण सैल. सैल म्हणजे खरोखर सैल, यीस्ट फ्रीजमध्येही गॅस सोडतं आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी म्हणजे बॉम्ब आहे, तुझी फुटली नाही हे नशीब. बरणीवर तारीख, कुठल्या बिअरची, कितवी पिढी, चिकटपट्टीवर लिही. लक्षात राहील म्हणतोस पण राहत नाही.

याच्यापेक्षाही स्वच्छ रस्ता आहे, तोच आईचा. यीस्ट बिअर झाल्यावर न काढता आधीच बाजूला काढ. दीड-दोन लिटरचा स्टार्टर कर, लिटरमागं १०० ग्रॅम माल्ट पावडर, उकळून थंड करून, यीस्ट त्यात दोन दिवस वाढव, त्यातला पाव भाग बरणीत आणि बाकीचा बॅचमध्ये. त्या पाव भागानं ना हॉप्स बघितले ना गाळ ना अल्कोहोलचा त्रास. महागडं लिक्विड यीस्ट वापरणाऱ्यांनी हेच करावं. फक्त उकळलेला वर्ट बरणीत भरून कपाटात साठवू नको, वर्ट पुरेसा आंबट नसतो आणि साध्या उकळण्यानं बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) बीजाणू मरत नाहीत. साठवायचाच तर १५ पीएसआयचा दाब धरणाऱ्या प्रेशर कॅनरमध्येच. नाहीतर दर वेळी ताजा कर, एवढा काय वेळ लागतो.

आणि स्पष्ट बोलायचं तर कोरड्या यीस्टचं पाकीट तिकडं थोड्याच पौंडांना मिळतं. त्यासाठी २० लिटर माल्ट, हॉप्स आणि एक अख्खा रविवार पणाला लावायचा का, हे तुझं तू ठरव. दोन आठवड्यांत पुढची बॅच लावणार असशील तर परत वापर, ताज्या स्लरीनं सुरुवात झकास होते, चार-सहा तासांत फेस. मध्ये महिना-दीड महिना जाणार असेल तर नवीन पाकीट फोड आणि गप झोप.

राहिली आत्ताची तिसरी बॅच. १.०४४ ची बिअर या यीस्टनं १.००९-१.०१० पर्यंत यायला पाहिजे होती. १.०२० वर आहे म्हणजे साखर आत शिल्लक आहे, त्यामुळं काही झालं तरी आत्ता बाटलीत भरू नकोस, नंतर यीस्ट जागं झालं तर बाटल्या फुटतील. पट्टीचा वास दोन ठिकाणनं येऊ शकतो. एक, क्लोरीन. पहिल्या दोन बॅचला तेच नळाचं पाणी होतं आणि वास नव्हता, म्हणजे वर्टचं पाणी सुटलं, संशय बरणीतलं ब्लीच आणि धुण्याचं पाणी यांच्यावर. क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलला चिकटलं की इतका उग्र वास होतो की चिमूटभरही पुरतं. दोन, जंगली यीस्ट. फरक कळायला दोन आठवडे थांब, वास आहे तेवढाच राहिला आणि ग्रॅव्हिटी हलली नाही तर क्लोरीन, तो वास जात नाही, ओतून दे. वास लवंगेकडं, धुराकडं सरकत वाढत गेला आणि ग्रॅव्हिटी हळूहळू १.००८ च्याही खाली उतरायला लागली तर पाहुणा आलाय, मग बिअरसोबत ती तोटी आणि रबरी नळ्या पण टाक. फ्रीजमधली बरणी दोन्ही बाबतीत आजच रिकामी कर.

आणि हे रविवारी कर, पुढची बॅच लावशील तेव्हा. वर्ट थंड करून फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या बादलीत) भरल्यावर, यीस्ट टाकायच्या आधी, त्याच तोटीतनं एक कप वर्ट सॅनिटाइझ केलेल्या छोट्या बरणीत घे, झाकण सैल, फ्रीजच्या वर ठेवून दे, त्यात यीस्ट घालायचं नाही. बुधवारी बघ. तीन दिवस स्वच्छ राहिला तर तुझी साफसफाई यीस्ट पुढं न्यायच्या लायकीची आहे. गढूळ झाला, बुडबुडे आले, वास आला, तर काय दिसलं आणि कसला वास आला ते इथं लिही, मग पुढचं बघू.